वैरागचा ढग विरला, वळसंगला गारा पडल्या. आमचं कुठं चुकलं?

लग्नाळू कॅमेरा · सोमवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. प्रश्न शेवटी विचारलाय. आधी दिवस सांगतो, त्याशिवाय प्रश्नाला अर्थ नाही.

मी जुळे सोलापूरला राहतो, लग्नाचे फोटो काढतो. कालच्या रविवारची ऑर्डर ऐनवेळी रद्द झाली. दोस्ताची शाळेच्या पोरांची ओम्नी आहे, सुट्ट्यांमुळे तीही दारात उभी. आम्ही दोघं एकमेकांना 'मालक' म्हणतो. सोलापुरात सगळेच मालक असतात, मालकीचं काही असो नसो. गेली चार वर्षं एप्रिल-मेमध्ये आभाळ भरलं की आम्ही त्याच्या मागं निघतो. घरचे याला रिकामटेकडेपणा म्हणतात. मलाही अजून बरा शब्द सापडलेला नाही.

आज काहीतरी होणार हे सकाळीच कळलं होतं. कूलरनं सांगितलं. सोलापुरी उन्हाळ्यात कूलरच्या ताट्या भिजल्या की खोली गार, हे ठरलेलं. पण काल सातलाच वारा चिकट यायला लागला. पाणी भरलं, ताट्यांवर माठातलं दोन तांबे ओतलं, तरी बनियन पाठीला चिकटलेलं ते चिकटलेलंच. हवेत आधीच ओल असली की ताटीतलं पाणी वाळत नाही, आणि ते वाळलं नाही की गारवा येत नाही. आईनं गच्चीवर पापड घातलेले, तेही दहा वाजेपर्यंत वातड.

आमच्याकडे तापमान आणि आर्द्रता दाखवणारं एक डिजिटल घड्याळ आहे, ते बरोबर घेतलं. साडेबाराला निघताना गच्चीवरच्या सावलीत ३९ अंश आणि ३७ टक्के. सोलापूर आणि धाराशिव, दोन्हींना यलो अलर्ट. मोबाईलवर केपचे रंग लाल-जांभळे. (नव्या मंडळींसाठी: केप म्हणजे हवा वर चढायला लागली तर तिच्यात किती जोर येईल याचा अंदाज. चढेलच असं त्यात कुठं लिहिलेलं नसतं, हे आम्ही बरंच पेट्रोल घालवून शिकलोय.)

सामान: कॅमेरा, ट्रायपॉड, दोन जुने टॉवेल, पाण्याचा जार, कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं हे ज्यांना माहीत नाही त्यांनी मे महिन्यात दुपारी एक वाजता तिच्यात बसून बघावं. खालून इंजिन, वरून टप. मालक म्हणाला, "आपण भाकरी कडक करून आणली, आता आपणच कडक होलालो बे."

पहिला डाव तुळजापूर रोडचा. बालाघाटाच्या डोंगरकडेवर ढग आधी फुटतात हा आमचा अनुभव. तामलवाडीच्या पुढं एका हॉटेलाच्या पत्र्याखाली गाडी लावली आणि तीन वाजेपर्यंत चहा पीत बसलो. घाटावर कापसाचे बोळे उठत होते. एखादा गोभीच्या फुलासारखा वर यायचा, मग डोकं दाबल्यासारखा चपटा व्हायचा आणि पाच मिनिटांत विस्कटायचा. असं सहा-सात वेळा.

३ वाजून ५ मिनिटांनी वायव्येला, वैराग-बार्शीच्या बाजूला, एक बुरूज उभा राहिला. एकटाच, पांढरा, कडा चाकूनं कापल्यासारख्या. माझं डोकं फिरलं. मालक म्हणत होता, "नको बे, आपल्या घरापाशीच उकाडा जास्त होता, तिकडंच चल." मी ऐकलं नाही. हे लिहून ठेवतो, कारण तो हा धागा वाचणार आहे.

परत सोलापूरच्या वेशीपर्यंत येऊन बार्शी रोड धरला. चारच्या सुमारास नान्नजच्या माळावर पोचलो. तोवर ढगाची ऐरण (वरचा चपटा, पसरलेला माथा) सूर्यावर पसरली होती आणि माळाचा रंग उतरला होता. कॅमेरा लावतोय तर एक मेंढपाळ आला. "माळढोक मोजायला आलाव काय?" म्हटलं, नाही, ढग बघायला. त्यांनी एकदा ढगाकडं बघितलं, एकदा ओम्नीकडं बघितलं, आणि मेंढरं घेऊन गावाच्या दिशेला निघून गेले. जाताना म्हणाले, "त्यात पाणी नाही."

घड्याळात ४१ अंश, २२ टक्के. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मोजलं: २७ सेकंद, म्हणजे साधारण नऊ किलोमीटर. ढगाचा तळ फारच वर. त्याखाली पावसाच्या झालरी लोंबत होत्या, पण जमिनीपर्यंत एकही पोचत नव्हती. मी ट्रायपॉड घेऊन ओम्नीच्या टपावर चढलो. (माहितीय. शिव्या खाली द्या.)

४:४० ला क्षितिजावर तपकिरी भिंत आली. आधी ती शेताची धूळ वाटली. मग तिच्यात बाभळी दिसेनाशा व्हायला लागल्या आणि मी टपावरून जवळजवळ पडतच उतरलो. सरकता दरवाजा लावेपर्यंत माती दातात. ओम्नी अशी हलली की मालकानं हँडब्रेक ओढलेला असताना ब्रेकवरही पाय दाबून धरला. दहा मिनिटांत ४१ चे ३० झाले. काचेवर थेंब पडले ते मी मोजले: बारा. मोठे, टपोरे, धुळीत चिखलाचे ठिपके करणारे बारा थेंब. मातीचा वास आला, पाऊस आलाच नाही. पाच वाजेपर्यंत वर नुसती ऐरण उरली, खालचा बुरूज पुसून टाकल्यासारखा गायब.

५:१२ ला आईचा फोन. "अरे, इथं एकाएकी वारं सुटलंय, पापड सगळे उडालेत, दोन शेजारच्यांच्या टाकीवर आहेत. तू कुठं आहेस?" मी म्हटलं, नान्नजला. ती म्हणाली, "तिथं पापड आहेत काय?"

आम्ही हिरमुसून डबा उघडला. ५:५५ ला सहज दामिनी ॲप (वीज कुठं पडली ते ठिपक्यांनी दाखवणारं) बघितलं तर आमच्या दक्षिणेला, अक्कलकोट रोडवर वळसंगच्या आसपास, ताजे ठिपके. एक नाही, झुंबड. गाडी वळवली. सोलापुरात शिरलो तर समोर वरात. घोडा, डीजे, नाचणारी शंभर माणसं आणि त्यांच्यामागं आम्ही. वरातीत बँडवाला ओळखीचा निघाला, "अहो, आज तुम्ही लोकांच्यात कसं?" पंचवीस मिनिटं तिथंच गेली. कुंभारी ओलांडली तेव्हा सव्वासात झाले होते, सूर्य बुडालेला, वादळ पूर्वेला सरकलेलं. त्याच्या पोटात विजा पेटत होत्या, लांबून. सात-आठ फोटो बरे आलेत, उद्या टाकतो.

वळसंगजवळ रस्ता ओला, कडुलिंबाचा पाला सगळीकडं. चहाच्या टपरीवाल्या काकांनी स्टीलच्या पेल्यात एक गार जपून ठेवली होती, नातवाला दाखवायला म्हणून. "लिंबाएवढी होती ओ," म्हणाले. मी बघितली तेव्हा बोराएवढी उरली होती, स्वतःच्याच पाण्यात तरंगत. मोबाईलचा टॉर्च पेल्यात मारला तर आत कांद्यासारखे पापुद्रे: एक दुधी, एक काचेसारखा, परत एक दुधी. दोन रुपयांचं नाणं शेजारी ठेवून फोटो काढेपर्यंत ती हरभऱ्याएवढी झाली. चाळीस मिनिटांनी हुकलं.

एकूण १५६ किलोमीटर. आता प्रश्न:

वैरागचा एवढा देखणा बुरूज अर्ध्या-पाऊण तासात कसा विरला? आणि तो विरल्यावर चाळीस किलोमीटर लांब, उलट्या दिशेला, नवा कसा उगवला? हे आधी ओळखता आलं असतं का, की नुसतं नशीब?

---

चिवडा पार्सल · सोमवार, रात्री १०:४१

भावा, तो सुपरसेल होता, गरगर फिरणारं महावादळ. धुळीची भिंत आली म्हणजे सुपरसेलच. आणि मोबाईल बंद ठेवत जा, मोबाईलवर वीज पडते.

---

पोलवरचा माणूस · सोमवार, रात्री ११:१५

ढगाचं मला कळत नाही, ते सांगणारे सांगतील. मी तीस वर्षं वायरमन होतो, त्यामुळे विजेचं बोलतो. घरातल्याही आणि वरच्याही.

आधी वरच्या साहेबांना: मोबाईल वीज ओढत नाही. तारेचा जुना लँडलाइन फोन कानाला लावून बसलात तर धोका आहे, कारण तारेतून येते. चार्जिंगला लावलेला मोबाईल हातात धरू नये तो त्याच कारणानं.

आता फोटोग्राफर, तू. नऊ किलोमीटरवर गडगडाट ऐकू येत होता आणि तू सपाट माळावर पत्र्याच्या गाडीच्या टपावर लोखंडी तिकाटणं धरून उभा होतास. त्या माळावर तुझ्यापेक्षा उंच काय होतं? मेंढपाळसुद्धा निघून गेला. वीज ढगाच्या पायथ्यालाच पडते असं नाही. पाऊस पडतोय तिथून दहा-पंधरा किलोमीटर लांब, डोक्यावर नुसती ऐरण असतानाही ती येते. दिसल्यापासून ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांच्या आत असेल तर फोटोबिटो सोडून आत बसायचं, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास थांबायचं. लोक पहिलं पाळतात, दुसरं पाळत नाहीत. पाऊस थांबला की बैल सोडायला झाडाखाली जातात आणि तिथंच घात होतो.

गाडीचं म्हणशील तर ओम्नी चांगली. टायर रबराचे म्हणून नव्हे. ढगातून एवढं अंतर तोडून आलेली वीज चार बोटं रबराला काय विचारते? वाचवतो तो चारी बाजूंचा पत्रा. वीज बाहेरच्या बाहेर पत्र्यावरून जमिनीत जाते. काचा वर, दरवाजा बंद, हात मांडीवर. ही सोय मोटरसायकलवर नाही, आणि कापडी हुडाच्या रिक्षातही नाही.

अजून एक. असा वारा येऊन गेला की रस्त्यात तारा पडलेल्या असतात. अंधारात ओल्या रस्त्यावरून वळसंगला गेलात, खाली बघत होता का? तुटलेली तार मेलेली समजायची नाही. गाडी थांबवायची, लांबूनच मागं घ्यायची.

देशात विजेनं वर्षाला अडीच हजारांच्या वर माणसं जातात, सरकारी आकडा आहे. त्यातले बहुतेक शेतात असतात, हौसेनं टपावर चढलेला त्यात अजून नसावा.

---

लग्नाळू कॅमेरा · सोमवार, रात्री ११:३२

काका, मान्य. टपाचं घरी कळलेलं नाही, कळणारही नाही.

---

दवबिंदू · मंगळवार, सकाळी ६:५०

सुपरसेल नव्हता. तो तासन्‌तास टिकतो, कारण त्याच्यात चढणारी हवा आणि पडणारा पाऊस वेगवेगळ्या जागी असतात. त्यासाठी वरच्या थरात वारं जोरात लागतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडं ते कधी कधी मिळतं, मेमध्ये क्वचितच. तू बघितलास तो साधा एकखांबी ढग, आणि त्याचं आयुष्य तेवढंच असतं, अर्धा ते एक तास.

आता तुझ्याच आकड्यांवर बोलतो. घड्याळ बरोबर नेलंस याबद्दल तुला शंभरपैकी शंभर. ते घरी वाचून दक्षिणेला निघाला नाहीस याबद्दल वजा पन्नास.

३९ अंश आणि ३७ टक्के म्हणजे दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तो) साडेएकवीसच्या आसपास. ४१ आणि २२ टक्के म्हणजे दवबिंदू १५. तापमानातून दवबिंदू वजा करायचा आणि १२५ नं गुणायचं, की ढगाचा तळ जमिनीपासून किती मीटरवर असेल ते साधारण कळतं. तुझ्या गच्चीवर ते २,२०० मीटर येतं, नान्नजला ३,२५०. दोन्ही नोंदी एकाच वेळच्या नाहीत, दुपार चढते तशी आर्द्रता उतरतेच, म्हणून तुलना अगदी सरळ नाही. तरी एवढा फरक नुसत्या घड्याळाच्या काट्यानं पडत नाही. नान्नजच्या पावसाला एक किलोमीटर जास्त कोरडी हवा ओलांडून यायचं होतं. तो वाटेतच वाळला.

आणि वाळताना त्यानं तुमच्या कूलरनं करायला हवं होतं ते केलं. पाणी वाळलं, हवा गार झाली. गार हवा जड. ती ढगातून खाली कोसळली आणि बादली फरशीवर उपडी केल्यावर पाणी पसरतं तशी चारी बाजूंना पसरली. तुमची तपकिरी भिंत म्हणजे त्या पाण्याची कड. ४१ चे ३० झाले ते पावसानं नाही, या हवेनं. ती ढगाच्या बुडाखालीही शिरली, ढगाला मिळणारी गरम हवा तोडली, आणि बुरूज वरच्या वर उपाशी मेला. मेंढपाळानं हे तीन शब्दांत सांगितलं होतं. त्यानं तळाची उंची आणि लोंबणाऱ्या झालरी बघितल्या असणार, तू कडा बघत होतास.

आता वळसंग. इथं मला तुझ्या आईचे आभार मानायचेत. भिंत नान्नजला ४:४० ला, जुळे सोलापूरला ५:१२ ला. सरळ रेषेत अंतर साधारण पंचवीस किलोमीटर, वेळ ३२ मिनिटं. म्हणजे वेग ताशी ४७. नान्नज ते वळसंग चाळीसेक धर. त्याच वेगानं ती कड साडेपाचच्या सुमारास वळसंगला पोचते, लांब जाताना मंदावते म्हणून पाच-दहा मिनिटं उशिरा धर. तिथून ढग फुटून पहिली वीज पडायला वीस-पंचवीस मिनिटं. दामिनीवर तुला ठिपके कधी दिसले? ५:५५. पापडांनी बरोबर वेळ दिली.

ती कड तुझ्या घराकडं गेली तेव्हा तिच्यात पाऊस नव्हता, पण पाचर होती. पुढ्यातली गरम, ओली हवा तिनं उचलून वर ढकलली. तामलवाडीला तुम्ही ज्या ढगांची डोकी दाबली जाताना बघत होता, ते दाबणारं झाकण वरच्या उबदार थराचं असतं. दिवसभर तुमच्या उकाड्याला ते फोडता आलं नाही, या पाचरीनं फोडलं. नान्नजकडं ओल नव्हती म्हणून तिथं नुसती धूळ उठली, वळसंगकडं ओल होती म्हणून गारा पडल्या.

ओल तिकडंच का? मेमध्ये विदर्भ-मराठवाड्याकडून खाली कर्नाटकाच्या आतल्या भागापर्यंत बऱ्याचदा एक रेषा पडते, हवामान विभाग तिला वाऱ्याची खंडितता म्हणतो. रेषेच्या पश्चिमेला वायव्येचा कोरडा वारा, पूर्वेला दक्षिण-आग्नेयेचा ओला. ती रोज इकडं तिकडं सरकते. काल ती बहुधा शहराच्या आसपासच असावी, तुझं घर ओल्या बाजूला आणि नान्नज कोरड्या बाजूला. हा माझा अंदाज. पण तुझा कूलर माझ्या बाजूनं साक्ष देतो.

ओळखता आलं असतं का? पाच वाजता, हो. वारा येऊन गेला की दिवस संपला असं न समजता तो पुढं कुठं चाललाय ते बघायचं. रडारच्या चित्रात अशी कड कधी कधी बारीक रेघेसारखी दिसते, धूळ आणि किडे उडतात त्यामुळे. फक्त चित्राखालची वेळ वाचत जा, दहा-पंधरा मिनिटांपूर्वीचं चित्र आत्ताचं समजून लोक चुकीच्या रस्त्याला लागतात.

कुठला ढग फळाला येईल हे ओळखणं मात्र तज्ज्ञांनाही अवघडच जातं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापूर भागातल्या ढगांवर विमानातून बीजारोपणाचे प्रयोग केले, इथं रडार लावलं होतं. गावात त्याला 'पाऊस पाडायचं विमान' म्हणायचे. त्यांनीही दिसेल त्या ढगात बी नाही टाकलं, आधी ढग निवडावा लागायचा. काही ठिकाणी पाऊस १८ टक्क्यांपर्यंत वाढल्याचं त्यांनी नंतर प्रसिद्ध केलं, पण ढगच नसेल तिथं विमान काही करू शकत नाही.

---

वैरागकर · मंगळवार, दुपारी १:०५

तुमचा देखणा बुरूज आमच्या डोक्यावर होता, म्हणून लिहितो.

पाणी चार थेंब. वारं मात्र असं आलं की गोठ्याचे तीन पत्रे उसाच्या फडात सापडले आणि केशराच्या दोन झाडांखाली कैऱ्यांचा सडा. शेवगा मधूनच मोडला. तुम्ही दोघं नान्नजला हिरमुसला होता, आम्ही सुटलो म्हणत होतो, कारण गारा नव्हत्या.

२०१४ च्या मार्चमध्ये माझी द्राक्षाची बाग उतरायला आठ दिवस होते. व्यापारी दर ठरवून गेलेला. दुपारी साडेतीनला सुरू झालं, वीस मिनिटं. थांबल्यावर बागेत गेलो तर आवाजच नव्हता, एक पाखरू नाही. वेलीला पान नाही, काड्यांची साल सोललेली, आणि खाली घड आणि गारा यांचा खच, पांढरा आणि हिरवा. त्या गारा सरीत दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत होत्या. वडील बांधावर बसून राहिले, त्यांना उठवायला मला जमलं नाही. ती बाग पुढच्या वर्षी काढली.

तेव्हा तुम्ही 'चाळीस मिनिटांनी हुकलं' लिहिता ते वाचताना पोटात कसंतरी होतं. राग नाही. मीही लहानपणी गारा वेचून खाल्ल्यात. एक मागणं आहे. तुम्ही नाहीतरी ढगाच्या पुढं-मागं असताच, तर गार दिसली की गाव आणि वेळ इथं टाका. वाऱ्याच्या दिशेला जो पुढं बसलाय त्याला वीस मिनिटं मिळाली तरी बेदाण्याच्या शेडची कापडं सोडता येतात, जनावरं आत घेता येतात. आणि नाण्याशेजारी ठेवून काढलेला फोटो जपून ठेवा. तलाठी पंचनाम्याला येतात तोवर गार वितळलेली असते, आणि लिंबाएवढी होती म्हटलं की ऐकणारा हसतो.

---

लग्नाळू कॅमेरा · मंगळवार, रात्री ९:४८

दवबिंदू सर, तुमचं उत्तर मालकाला मोठ्यानं वाचून दाखवलं. 'तुझं घर ओल्या बाजूला' इथं त्यानं मला थांबवलं आणि तेवढंच परत वाचायला लावलं. तीन वेळा. पेट्रोलचे पैसे या वेळी पूर्ण मी द्यायचे ठरलेत.

वैरागकर दादा, तुमचं वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. वळसंगच्या काकांच्या पेल्यातल्या गारेचा फोटो खाली टाकलाय, ६:३५ च्या सुमारास पडलेली, असं ते म्हणाले. मी काढला तो ७:२६ चा. यापुढं गार दिसली की आधी इथं गाव आणि वेळ, मग कॅमेरा. मालकानं शाळेच्या पालकांचा जसा ग्रुप केलाय तसा एक करू म्हणतोय. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, बार्शीकडचे कुणी असतील तर मला निरोप पाठवा.

आईला सांगितलं की तिच्या फोनमुळे वादळाचा वेग निघाला. तिनं विचारलं किती. म्हटलं ताशी सत्तेचाळीस. ती म्हणाली, "मग पापड शेजारच्या टाकीवर बरोबर गेले." आज तिनं कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाखाली, 'वारं ४:२०' असं लिहून ठेवलेलं दिसलं. मी सांगितलं नव्हतं. ४:२० ला वारं आलं होतं हे मला माहीतसुद्धा नाही, मी स्टुडिओत अल्बम लावत होतो.

---

दवबिंदू · मंगळवार, रात्री १०:१०

कुठल्या दिशेनं आलं ते विचार त्यांना.

---

लग्नाळू कॅमेरा · मंगळवार, रात्री १०:१४

विचारलं. "होटगीच्या बाजूनं, धुणं आत उडालं त्यावरनं."

आत्ता दामिनी बघितलं. दक्षिणेला, सीमेपलीकडं, बरेच ठिपके आहेत, पण सगळे जुन्या रंगाचे. कूलर चिकट. उद्या एक साखरपुडा आहे, पाचला सुटतो. मालकाला सांगितलंय की गाडीचं तोंड अक्कलकोट रोडकडं करून ठेव.